‘कुत्र्याच्या तोंडाला वास येणारच!’

बैलबाजारात गेलेला शेतकरी बैलाची शिंगं बघतो, वशिंड बघतो, चाल बघतो. पण व्यवहार ठरायच्या आधी तो बैलाचा ओठ खाली ओढतो आणि दात बघतो. आदत, दुसा, चौसा, जुळलेला – बैलाचं वय सांगणारे हे सगळे शब्द दातांवरून आले आहेत. शर्यतींच्या रील्समुळे ते आता शहरातल्या पोरापोरींनाही माहीत झालेत. जनावर घरात आणायचं तर आधी त्याचं तोंड उघडून बघायचं, ही सवय आपल्याकडे जुनी आहे.

आणि आपण काय करतो? हजारो रुपये मोजून शिह त्झू, पॉमेरेनियन, पग, माल्टीज, चिवावा घरी आणतो. त्याचं नाव ठरवायला दोन दिवस घालवतो. त्याचं इन्स्टा अकाउंट उघडतो. त्याला गणपतीत कुडता आणि डिसेंबरात स्वेटर घालतो. त्याच्यासोबत झोपतो. पण त्याच्या तोंडात मात्र डोकावत नाही. तो जांभई देतो तेव्हा मान वळवतो. एखादा पाहुणा म्हणालाच, “अरे, वास मारतोय याच्या तोंडाला,” तर आपलं उत्तर तयार असतं: “कुत्रा आहे तो. कुत्र्याच्या तोंडाला वास येणारच!”

हे वाक्य खोटं आहे, आणि या लेखाचं भांडण त्याच्याशी आहे. निरोगी कुत्र्याच्या तोंडाला थोडाफार खाण्याचा वास असतो. पण ज्या कुजकट वासाने आपण नाक मुरडतो, तो कुत्रेपणाचा वास नसतो. हिरडीखाली जंतू हाड पोखरत असल्याची ती खबर असते. लहान कुत्र्यांमध्ये हे जास्त होतं, आणि त्याचं मोठं कारण माणसाने त्यांना दिलेला देह आहे. म्हणून माझं म्हणणं सरळ आहे: लहान कुत्रा पाळायचा असेल तर त्याचे दात रोज घासायचे. हे लाड म्हणून करायचं नाही, देणं म्हणून करायचं. जमणार नसेल तर तो कुत्रा आणायचा नाही.

जबडा आटला, दात तेवढेच

वाढ पूर्ण झालेल्या कुत्र्याला ४२ दात असतात. लांडग्यालाही ४२. ग्रेट डेनला ४२ आणि अडीच किलोंच्या चिवावालाही ४२. काही जातींमध्ये एखादा दात येतच नाही, पण मूळ आराखडा हाच. माणसाने कुत्र्याला लहान करत आणलं तेव्हा जबडा आटला, दात मात्र तेवढेच राहिले. शिवाय जबडा जेवढा लहान झाला, तेवढ्या प्रमाणात दात लहान झाले नाहीत. लोकलच्या बाकावर तिघांच्या जागेत चौथा टेकतो, तसे हे दात एकमेकांना खेटून, तिरपे, एकावर एक चढून बसतात. पग आणि शिह त्झूसारख्या चपट्या तोंडाच्या कुत्र्यांत तर वरच्या काही दाढा चक्क आडव्या फिरलेल्या असतात. अशा फटीत अन्न अडकतं, जंतूंचा थर साठतो, आणि तिथे जीभही पोचत नाही.

खालच्या जबड्यातली सगळ्यांत मोठी दाढ बघा. मोठ्या कुत्र्यात तिच्या मुळांखाली भरपूर हाड शिल्लक असतं. लहान कुत्र्यात तीच मुळं जबड्याच्या खालच्या कडेपर्यंत जवळजवळ पोचलेली असतात. म्हणजे जबडा टिकवून धरणारं हाड आधीच थोडं. त्यात हिरडीच्या आजाराने ते विरघळायला लागलं, की जबडा काडीसारखा होतो. मग सोफ्यावरून मारलेली उडी किंवा दुसऱ्या कुत्र्याशी झालेली किरकोळ झटापट जबडा मोडायला पुरते. दात काढतानासुद्धा तो मोडू शकतो. लॅब्रॅडॉर आणि चिवावा यांचा हिरडीचा आजार एकाच नावाचा असला, तरी त्याचा परिणाम सारखा नसतो.

अमेरिकेतल्या ६० जातींच्या तीस लाखांवर कुत्र्यांच्या वैद्यकीय नोंदी तपासून २०२१ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात अतिलहान जातींमध्ये हिरडीच्या आजाराचं निदान महाकाय जातींच्या तुलनेत पाचपटीपर्यंत जास्त आढळलं. हे ऐकून कुणी म्हणेल, “बघा, जातीतच आहे ते, आपण काय करणार?” पण ती जात आली कुठून, हेही विचारायला हवं.

कुत्र्याच्या लहान आकारात ‘आयजीएफ-१’ या जनुकाचा मोठा हात आहे, हे २००७ साली कळलं. त्या जनुकावर ताबा ठेवणारा लहान आकाराचा फरक ५४,००० वर्षांपूर्वीच्या एका लांडग्यातही होता, असं २०२२ साली दिसून आलं. म्हणजे लहान होण्याची शक्यता निसर्गात होतीच. पण त्या शक्यतेतून पर्समध्ये मावणारा कुत्रा काढला तो माणसाने, पिढ्यानपिढ्या लहानात लहान नर-मादी निवडून. पॉमेरेनियनचे पूर्वज चांगले थोराड होते. इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीने १८८८ साली इटलीतून मार्को नावाचा छोटा पॉमेरेनियन आणला, आणि बघता बघता छोटा तोच देखणा अशी फॅशन झाली. राणीला आवडलं म्हणून कुत्रे आकसत गेले.

आपल्याकडे हे काम राणीने केलं नाही. जाहिरातींनी, सिनेमांनी आणि स्क्वेअर फुटांनी केलं. १९९४ च्या ‘हम आपके हैं कौन’मधल्या टफीने घरोघरी पांढरे स्पिट्झ आणले. २००३ मध्ये हचच्या जाहिरातीतला पग त्या पोरामागे चालत गेला, आणि त्याच्यामागे सगळा मध्यमवर्ग. मग फ्लॅट लहान होत गेले, मोबाइलचा कॅमेरा चांगला होत गेला आणि कुत्रा अजून लहान हवा झाला. आता ‘टीकप’ नावाने पिल्लं विकली जातात. अशी कोणतीही जात नावाजलेल्या केनेल क्लबांच्या यादीत नाही. तो फक्त भाव वाढवायचा शब्द आहे, आणि त्याचा मराठीत प्रामाणिक अर्थ आहे, ‘जबड्यात आणखी कमी जागा’.

आपल्याला हवा म्हणून तो लहान झाला. मग त्या लहानपणाचा खर्च त्याच्या हिरड्यांनी का भरायचा?

“खातो की व्यवस्थित!”

दात स्वच्छ केल्यावर काही तासांतच त्यावर जंतूंचा चिकट थर धरायला लागतो. बोटाने किंवा ब्रशने तो सहज निघतो. पण तो तसाच राहिला, तर लाळेतले क्षार त्यात बसून दोन-तीन दिवसांत त्याचं किटण व्हायला लागतं. कुत्र्याची लाळ माणसाच्या लाळेपेक्षा जास्त अल्कधर्मी असते. त्यामुळे कुत्र्यांचे दात आपल्यासारखे किडत नाहीत, पण किटण मात्र झपाट्याने चढतं. एकदा ते दगडासारखं झालं, की घरचा ब्रश त्याचं काही करू शकत नाही. आठवड्यातून एकदा, रविवारी आंघोळीच्या वेळी ब्रश फिरवणाऱ्यांचं गणित इथेच चुकतं. सोमवारचा थर बुधवार-गुरुवारपर्यंत किटण व्हायला लागलेला असतो.

पिवळं-तपकिरी किटण दिसतं, म्हणून आपलं सगळं लक्ष त्याच्यावर. खरं नुकसान मात्र हिरडीखाली चालतं. आधी हिरडीची कड लाल होते, सुजते, ब्रश लागला की रक्त येतं. इथपर्यंत सगळं परतवता येतं. त्यानंतर जंतू आणि त्यांच्याशी लढणारं शरीर या दोघांच्या भांडणात दात धरून ठेवणारे तंतू आणि हाड झिजायला लागतं. याला पेरिओडॉन्टायटिस म्हणतात. ते हाड सहसा परत येत नाही. पुढे दात हलतो, मुळाशी पू होतो. वरच्या मोठ्या दाढेच्या मुळाशी गळू झालं, तर सूज डोळ्याखाली येते आणि घरचे लोक डोळ्याचे थेंब आणायला धावतात. वरच्या सुळ्याचं मूळ आणि नाकाची पोकळी यांच्यामध्ये हाडाचा जेमतेम पातळ पापुद्रा असतो. तो गेला, की तोंड आणि नाक यांच्यात भोक पडतं. मग कुत्रा सारखा शिंकतो, एका नाकपुडीतून शेंबूड येतो, कधी रक्त येतं. घरात चर्चा काय? “एसीने सर्दी झाली असेल.”

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे, “पण तो खातो की व्यवस्थित! दुखत असतं तर खाल्लं असतं का?” हो, खाल्लं असतं. भूक दुखण्यापेक्षा मोठी असते. दाढदुखी असलेला माणूसही दुसऱ्या बाजूने जेवतोच, आणि त्याला निदान बोलता तरी येतं. कुत्रा गाल धरून बसत नाही. तो एका बाजूने चावतो, दाणे न चावता गिळतो, आवडीचं खेळणं सोडून देतो, डोक्याजवळ हात नेला की मागे सरतो, पंजाने तोंड घासतो. हे सगळं आपल्या डोळ्यांदेखत होतं आणि आपण त्याला ‘वय झालं’, ‘शांत झालाय’, ‘आता मॅच्युअर झालाय’ अशी नावं देतो. सडलेले दात काढल्यावर हाच म्हातारा पुन्हा चेंडू आणायला लागतो, हा अनुभव पशुवैद्यांना नवा नाही. तो शांत झालेला नव्हता. त्याला दुखत होतं.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. ‘दात खराब तर हृदय आणि किडनी खलास’ अशा पोस्ट फिरत असतात. हिरडीचा आजार आणि या अवयवांचे आजार एकत्र आढळतात, हे खरं. एकाने दुसरा होतोच, हे तेवढं पक्कं सिद्ध झालेलं नाही. आणि ती भीती घालायची गरजही नाही. वर्षानुवर्षं दुखणारं तोंड एवढं कारण पुरेसं नाही का?

तुपाची वाटी

नामदेव महाराजांची गोष्ट आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. कुत्रा भाकरी पळवतो आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावतात, कोरडी खाऊ नकोस म्हणून. त्या गोष्टीचा अर्थ, या जिवातही तोच विठ्ठल आहे असा. आपण त्यातला विठ्ठल सोडला आणि वाटी तेवढी घेतली. खाऊ घालणं म्हणजेच प्रेम, हे आपल्याकडे इतकं पक्कं आहे की कुत्र्यावरची माया आपण बिस्किटांत मोजतो. सकाळच्या चहाबरोबर ग्लुकोज बिस्किट, दुपारी दूध-पोळी कुस्करून, संध्याकाळी आजोबांच्या ताटातलं काहीतरी, वाढदिवसाला केक. प्रत्येक घासाचा फोटो निघतो. घासानंतरच्या ब्रशचा फोटो कधी पाहिलाय?

बरं, आपण त्याला ‘बाळ’ म्हणतो. स्वतःला ‘पेट पेरेंट’ म्हणवतो, मदर्स डेला पोस्ट टाकतो. चांगलंच आहे. मग बाळाच्या बाबतीत जे करतो ते करा ना! बाळ रडलं, तोंड घट्ट मिटलं, पाय आपटले, तरी आई त्याचे दात घासतेच. ‘त्याला आवडत नाही’ हे कारण पोराच्या बाबतीत कुणी ऐकून घेत नाही, मग कुत्र्याच्या बाबतीत ते अंतिम कसं ठरतं? लाड करताना तो बाळ आणि काळजी घेताना ‘शेवटी कुत्राच तो’, असं दोन्हीकडून बोलता येणार नाही.

या दुटप्पीपणावर बाजार उभा राहिला नसता तरच नवल. दात साफ करणाऱ्या कांड्या, पाण्यात टाकायचे थेंब, तोंडात मारायचे स्प्रे. चावून खायच्या काही वस्तूंनी थर कमी होतो, हे खरं आहे. ‘व्हेटरनरी ओरल हेल्थ काउन्सिल’ नावाची संस्था १९९७ पासून अशा वस्तूंच्या चाचण्या तपासून आपली मोहोर देते. तशी मोहोर असलेली वस्तू जोडीला वापरायला हरकत नाही. पण पाकिटावर दात चमकवणाऱ्या कुत्र्याचं चित्र म्हणजे मोहोर नव्हे. शिवाय कांडी जिथे चावली जाते तिथलं थोडं साफ होतं. पुढचे दात आणि सुळे तसेच राहतात. आणि चार किलोंच्या कुत्र्याला रोजची एक जाडजूड कांडी म्हणजे जवळपास एक जेवणच.

दुसरा गैरसमज त्याहून वाईट. “हाड दे, दात आपोआप साफ होतात.” कडक हाडं, शिंगं, वाळवलेले खूर यांनी वरची मोठी दाढ उभी चिरते. शिजवलेल्या कोंबडीच्या हाडाच्या तर सुया होतात. साधी परीक्षा आहे: वस्तू नखाने दाबली तर थोडी तरी दबली पाहिजे. जी आपल्या गुडघ्यावर मारल्यावर आपल्यालाच लागेल, ती त्याच्या दाताला द्यायची नाही. आणि घरातली आपली टूथपेस्ट तर अजिबात नाही. कुत्र्याला चूळ भरता येत नाही, तो सगळं गिळतो. काही पेस्टमध्ये झायलिटॉल हा गोडवा असतो. त्याने कुत्र्याची साखर धाडकन खाली येते, यकृत निकामी होऊ शकतं. लहान कुत्र्याला त्याची मात्राही तेवढीच लहान पुरते. मीठ, सोडा, लवंगतेल हे आजीच्या बटव्यातले उपायही आजीसाठीच राहू द्या.

पार्लरमधली चमक

आता सगळ्यांत घातक धंद्याकडे येऊ. ग्रूमिंग पार्लरच्या दरपत्रकात केस कापणं, नखं कापणं, कान साफ करणं आणि शेवटी ‘टीथ स्केलिंग, भूल न देता’. दोघं जण कुत्र्याला दाबून धरतात, तिसरा टोकदार हत्याराने किटण खरवडतो. वीस मिनिटांत दात पांढरे. आधीचा आणि नंतरचा फोटो. आपण खूश.

या पांढऱ्या दातांनी काय साधलं? हिरडीच्या वरचं, डोळ्यांना दिसणारं किटण गेलं. आजार हिरडीखाली होता, तो तिथेच राहिला. खरवडल्याने दातावर चरे पडले आणि ते घासून गुळगुळीत केले नाहीत, त्यामुळे नवा थर आणखी सोपा बसणार. दुखऱ्या तोंडाचं जनावर जागेपणी दाबून धरलं, म्हणजे पुढच्या वेळी ते तोंडाला हात लावू देणार नाही. आणि सगळ्यांत मोठं नुकसान हे, की मालकाला वाटलं काम झालं. घराला लागलेली वाळवी तशीच ठेवून वरून रंग मारण्यातला हा प्रकार. जागतिक पातळीवरची पशुवैद्यांची संघटना, वर्ल्ड स्मॉल अ‍ॅनिमल व्हेटरनरी असोसिएशन, हिने आपल्या दंतमार्गदर्शिकेत भुलीशिवाय दात साफ करण्याला स्पष्ट विरोध केला आहे. पार्लरचं दरपत्रक त्याहून मोठं नाही.

“पण भूल दिली आणि उठलाच नाही तर?” ही भीती खोटी नाही. तिची चेष्टा करणाऱ्यांपैकी मी नाही. लहान कुत्र्याचं अंग लवकर थंड पडतं, साखर लवकर उतरते. भूल देणाऱ्याला हात आणि डोकं दोन्ही लागतं. पण भीतीला आकड्यांसमोरही उभं करायला हवं. ब्रिटनमध्ये जवळपास ९८ हजार कुत्र्यांच्या भुलीच्या नोंदींवरून २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निरोगी कुत्र्यांमध्ये भुलीशी संबंधित मृत्यू साधारण १८५० मध्ये एक होता. आजारी कुत्र्यांमध्ये तोच ७५ मध्ये एक. हे आकडे तिथले आहेत, आपल्या गल्लीतल्या दवाखान्याचे नाहीत. तरी त्यातला धडा इथेही लागू आहे. चार वर्षांचा, धडधाकट असताना भूल टाळायची, आणि तेराव्या वर्षी हृदय कमजोर, किडनी थकलेली, तोंडात बारा दात हलत असताना नाइलाजाने तीच भूल द्यायची. भीतीपोटी आपण धोका टाळत नाही, वाढवून ठेवतो.

म्हणून भुलीला नाही म्हणण्याऐवजी प्रश्न विचारा. आधी रक्त तपासणार का? श्वासनलिकेत नळी घालणार का? (ती हवीच, नाहीतर तोंडातलं पाणी आणि घाण फुप्फुसात जाऊ शकते.) भूल असताना नाडी, श्वास, ऑक्सिजन यांवर कोण लक्ष ठेवणार? अंग गरम कसं ठेवणार? दातांचे एक्स-रे काढणार का? दाताचा बराच भाग हिरडीखाली असतो, त्यामुळे एक्स-रेशिवाय केलेला अंदाज अर्धाच. या प्रश्नांवर चिडणारा डॉक्टर बदला. शांतपणे उत्तर देणारा, किंवा “माझ्याकडे ही सोय नाही, अमक्याकडे जा” म्हणणारा डॉक्टर जपून ठेवा. छोट्या शहरांत ही सोय सहज मिळत नाही, हे खरं आहे. म्हणूनच तिथल्या कुत्र्याला ब्रशची गरज दुप्पट आहे.

“इथे माणसांना मिळत नाही…”

आता तो आक्षेप, जो प्रत्येक कॉमेंटमध्ये येतो. “इथे माणसांना दाताचा डॉक्टर परवडत नाही आणि तुम्ही कुत्र्याचे दात घासताय!” आक्षेपातली पहिली अर्धी गोष्ट खरी आहे आणि लाजिरवाणी आहे. पण तिचा रोख चुकतोय. ज्याच्या घरी हजारोंचं पिल्लू आणि महिन्याला ग्रूमिंगचं बिल आहे, त्याने कुत्र्याचे दात घासले नाहीत म्हणून कुणा गरिबाची दाढ भरली जात नाही. उलट, लहान मुलांचा मऊ ब्रश पन्नास-साठ रुपयांत येतो आणि कुत्र्यांची पेस्ट आणली तर काही महिने पुरते. चैनीच्या गोष्टी शोधायच्याच असतील, तर त्या स्वेटरमध्ये आणि वाढदिवसाच्या केकमध्ये सापडतील. ब्रश ही या सगळ्या खर्चातली सगळ्यांत स्वस्त आणि एकमेव बिनदिखाऊ गोष्ट आहे. कदाचित म्हणूनच ती राहून जाते.

दुसरा आक्षेप गावाकडून येतो. “आमच्या वाड्यावरचा कुत्रा कधी दात घासायचा?” नाही घासायचा. त्याचा जबडा लांब होता, दात मोकळे होते. आणि त्याच्या म्हातारपणी त्याचं तोंड कसं होतं, हे कुणी उघडून बघितलं होतं? तो एक दिवस खायचा बंद झाला आणि गोठ्यामागे जाऊन पडला, एवढंच आपल्याला आठवतं. तुमचा शिह त्झू बारा-पंधरा वर्षं जगू शकतो. वाकड्यातिकड्या दातांसकट, तुमच्या उशीवर.

मग करायचं काय

पिल्लू घ्यायच्या वेळेपासून सुरुवात आहे. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही आणि ब्रीडरला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. नोंदणी विचारा. पिल्लाच्या आईबापांची तोंडं उघडून दाखवायला सांगा. बैलबाजारात जे विचारायला कुणाला लाज वाटत नाही, ते इथे विचारायला कसली? ‘आणखी छोटं’ मागणं आधी बंद करा. मागणारे थांबले की पैदास करणारे थांबतील. आणि रस्त्यावरचं किंवा शेल्टरमधलं देशी पिल्लू आणलंत, तर बऱ्यापैकी मोकळा जबडा फुकट मिळतो.

पिल्लाला दुधाचे २८ दात असतात. सहा-सात महिन्यांपर्यंत ते पडून पक्के यायला हवेत. लहान जातींत ते बरेचदा पडतच नाहीत, विशेषतः सुळे. सातव्या महिन्यात एका जागी दोन सुळे शेजारी शेजारी दिसले, तर ‘किती क्यूट’ म्हणून फोटो काढू नका, डॉक्टरकडे न्या. दुधाचा दात काढावा लागतो. नसबंदी त्याच सुमारास असेल, तर एकाच भुलीत दोन्ही होतं.

मोठ्या कुत्र्याच्या हिरड्या आधीच लाल असतील किंवा वास येत असेल, तर आधी डॉक्टर, मग ब्रश. दुखऱ्या तोंडात ब्रश घातला, तर तो ब्रशलाच शत्रू मानेल. तोंड ठीक असेल तर घाई न करता दोन-तीन आठवडे द्या. पहिले काही दिवस फक्त ओठ वर करायचा आणि शाबासकी द्यायची. मग बोटावर मीठ, कांदा, लसूण नसलेलं चिकनचं पाणी लावून हिरडीवर फिरवायचं. मग बोटाला सुती कापड गुंडाळून. मग कुत्र्यांची पेस्ट नुसती चाटायला. मग ब्रश. ब्रश दात आणि हिरडी जिथे मिळतात त्या रेषेवर तिरपा धरायचा. फक्त बाहेरची बाजू पुरे. आतल्या बाजूला जीभ थोडंफार काम करते. वरच्या मागच्या दाढांकडे जास्त लक्ष द्यायचं, कारण लाळेची एक मोठी नळी तिथेच उघडते आणि किटण तिथेच आधी धरतं. एका बाजूला अर्धं मिनिट, दुसऱ्या बाजूला अर्धं मिनिट. एका रीलइतका वेळ. रोज. एखाद्या दिवशी राहिलं तर राहिलं, पण एक दिवसाआडच्या खाली यायचं नाही. आणि वर्षातून एकदा डॉक्टरकडून तोंडाची तपासणी, लसीच्या भेटीत डॉक्टरने ओठ वर केला नाही, तर आपण म्हणायचं, “दातही बघा.”

हे वाचून एवढी कटकट कोण करणार असं वाटलं, तर तेही प्रामाणिक उत्तर आहे. फक्त ते पिल्लू आणायच्या आधी द्यावं, नंतर नाही. नंतर त्याचा हिशोब तो चुकवतो, आणि बोलून दाखवत नाही.

तुमचा कुत्रा आत्ता जवळच कुठेतरी पसरला असेल. फोन बाजूला ठेवा, त्याचा वरचा ओठ गालाजवळ हळूच उचला आणि मागच्या दाढेवरची हिरडी बघा. फिकट गुलाबी असेल तर उद्यापासून ब्रश. काही हिरड्या जन्मतःच काळपट असतात, त्या तशाच असतील तरी उद्यापासून ब्रश. पण कडेला लाल रेघ दिसली, किटण दिसलं किंवा वास आला, तर ‘येणारच’ म्हणून ओठ सोडून देऊ नका. दवाखान्याचा नंबर लावा.